तासांचा हिशेब : बऱ्हाणपूर जिल्ह्यातील बालसंगोपन, सरकारी पैसा आणि पालकांची ऐपत

आई कामावर गेली की मूल कोणाकडे राहते आणि त्याचा खर्च कोण उचलते, या दोन प्रश्नांत बालसंगोपनाचा सगळा विषय सामावतो. उत्तरे चार-पाचच आहेत. घरात आजी असेल तर मूल तिच्याकडे राहते. आजी नसेल तर आठ-दहा वर्षांची मोठी बहीण शाळा सोडून घरी थांबते. तेही शक्य नसेल तर आई मुलाला कामावर नेते. हातात पैसा असेल तर पाळणाघर लावते किंवा बाई ठेवते. यातले काहीच जमले नाही तर ती काम सोडते. सरकारी व्यवस्था हे आणखी एक उत्तर. बालसंगोपनावर होणारा सरकारी खर्च आणि ते पालकांना परवडते की नाही, यांचा विचार करायचा म्हणजे हे शेवटचे उत्तर किती घरांपर्यंत, दिवसातले किती तास आणि किती भरवशाने पोहोचते, हे पाहणे.

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा या पाहणीसाठी सोयीचा आहे, कारण मजुरीचे बहुतेक सगळे प्रकार इथे एका जिल्ह्यात सापडतात. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा, म्हणजे पूर्व निमाड, जिल्ह्यातून तो वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ७,५७,८४७ होती आणि त्यातले दोन लाखांहून अधिक लोक बऱ्हाणपूर शहरात राहत होते. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला बुलढाणा आणि मेळघाट असल्यामुळे मराठी इथे घरची भाषा आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळी, कापूस आणि हळद. शहरात यंत्रमाग आणि जिनिंग. नेपानगरला कागद कारखान्याची वसाहत. खकनार आणि धूळकोटकडच्या डोंगराळ भागात कोरकू, भिलाला आणि बारेला वस्त्या. या प्रत्येक ठिकाणी बाई कामाला जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या लहान मुलाचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत शहापूरकडच्या एखाद्या शेतात हा प्रश्न डोळ्यांनी दिसतो. बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते. आत सात-आठ महिन्यांचे मूल, शेजारी झोका द्यायला बसलेली त्याची बहीण. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. मूल रडले की आईला ओळ सोडून बांधापर्यंत यावे लागते, पाजावे लागते, झोपवून परत जावे लागते. तेवढ्या वेळात शेजारची बाई अर्धी ओळ पुढे गेलेली असते. संध्याकाळी वजनकाट्यावर दोघींचे गाठोडे तोलले जाते तेव्हा मूल सांभाळण्याची किंमत किलोत दिसते. ही किंमत कोणत्याही सरकारी अंदाजपत्रकात लिहिलेली नसते, पण ती आई रोज भरते. झोळीशेजारी बसलेली मुलगी त्या दिवशी शाळेत नसते. तिच्या हजेरीपटावरची रिकामी चौकट हा त्याच खर्चाचा दुसरा हप्ता.

शहरात झोळीची जागा पाळणा घेतो. यंत्रमागासाठी कांड्या भरण्याचे काम घरोघरी चालते. बाई चरख्यापुढे बसते आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधते. हात सुताला, पाय मुलाला. मूल रांगू लागले की ही सोय संपते, कारण फिरते चाक, सुताचा धुरळा आणि विजेची वायर हे सगळे त्याच्या हाताच्या अंतरावर असते. जिनिंगमध्ये मूल नेताच येत नाही. रुईचे तंतू हवेत उडत असतात आणि पट्टे फिरत असतात. म्हणून जिनिंगला जाणारी बाई मूल शेजारणीकडे ठेवते. त्याबद्दल ती पैसे देते, नाही तर शेजारणीच्या मुलाचे काम आपल्या अंगावर घेते.

परवडणे या शब्दाचा अर्थ इथे नीट लावावा लागतो. रोजगार हमी योजनेचा मध्य प्रदेशातील दर २०२४-२५ मध्ये दिवसाला २४३ रुपये होता. महिन्यात वीस दिवस काम मिळाले तर हातात ४,८६० रुपये येतात. उदाहरणादाखल खासगी पाळणाघराची फी महिन्याला २,००० रुपये धरली, तर कमाईचे दर शंभर रुपयांतले ४१ रुपये तिथेच जातात. दोन मुले असतील तर मजुरीला जाण्यात अर्थ उरत नाही. पण फी हा परवडण्याचा एक भाग झाला. केंद्र घरापासून किती लांब आहे, ते किती वाजता उघडते आणि किती वाजता बंद होते, तिथे जेवण मिळते की डबा द्यावा लागतो, सणासुदीला आणि सेविका रजेवर असताना काय होते, हे सगळे खर्चच आहेत. एखादी सेवा फुकट असूनही महाग पडू शकते. केंद्र दुपारी बंद होत असेल आणि मजुरी संध्याकाळी पाचला सुटत असेल, तर त्या फुकट सेवेची किंमत अर्धा रोज होते.

सरकारने या खर्चात वाटा उचलावा, हा विचार भारतात शंभर वर्षांचा आहे आणि त्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोकांचे कल्याण जपणे हे सरकारचे काम असल्याने हा भार मुख्यतः सरकारने सोसायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये कायदा केला आणि मध्य प्रांताने १९३० मध्ये. बऱ्हाणपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते. दोन्ही कायद्यांत पैसे देण्याची जबाबदारी मात्र मालकावर टाकली गेली. सरकारने खर्च करायचा की मालकाला करायला लावायचा, हा तेव्हाचा वाद आजही मिटलेला नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी मालकाचाच रस्ता धरला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे झाले. ही संख्या आधी ५० होती, १९७६ मध्ये ती ३० वर आली. मळे, खाणी, विडी कारखाने आणि बांधकामे यांच्यासाठी वेगवेगळ्या कायद्यांत अशीच तरतूद आली. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातली प्रसूती रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही दिली. ही तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

बऱ्हाणपूरमध्ये हे कायदे कोणाला लागू पडतात, हे पाहिले की त्यांची मर्यादा कळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली आणि पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली ताप्ती मिल किंवा नेपानगरचा कागद कारखाना अशा मोठ्या आस्थापना त्यांच्या कक्षेत येतात. पण शहराचे पोट ज्यावर चालते तो यंत्रमागाचा धंदा छोट्या छोट्या शेडमध्ये विखुरलेला आहे. एका छपराखाली तीस बायका कधीच नसतात, आणि घरी कांड्या भरणारी बाई तर कोणाच्याच हजेरीपटावर नसते. शेतमजूर बाईला मालकही रोज वेगळा. सगळा खर्च मालकावर टाकला की दुसरा परिणामही होतो : बायकांची संख्या कायद्याच्या आकड्याच्या आत ठेवण्याकडे किंवा बायकांना कामावरच न घेण्याकडे मालकाचा कल होतो. जिथे मालक ओळखता येत नाही तिथे मालकावर उभा असलेला हक्क हवेत राहतो. म्हणून अशा जिल्ह्यात सरकारी तिजोरी हाच खरा आधार.

त्या आधाराचे नाव मराठी आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, धाकट्यांना सांभाळणाऱ्या मुलींना शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकमेकींना जोडण्यात आल्या. मूल सांभाळले गेले तरच त्याची बहीण शिकेल, ही गोष्ट कोसबाडला कामातून कळली होती. अंगणवाडी हा शब्द तिथून निघाला आणि पुढे देशभर गेला. त्याच्यासोबत पाळणाघराची कल्पना मात्र तितकीशी गेली नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि आरोग्य-आहाराचे शिक्षण या तिच्या सहा सेवा. मूल दिवसभर सांभाळणे ही सेवा या यादीत नव्हती. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असा आदेश दिला आणि १३ डिसेंबर २००६ रोजी देशभरात १४ लाख अंगणवाड्या उभारण्याची मुदत घालून दिली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाचा अंगणवाडीतल्या मोफत आहारावरचा हक्क कायदेशीर केला. भारतात सहा वर्षांखालील मुलासाठी सरकारने मान्य केलेला हा सर्वांत भक्कम हक्क आहे आणि तो ताटापुरता आहे.

पैशाचा हिशेब हेच सांगतो. २०१७-१८ पासून पूरक आहारासाठी मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये असा दर ठरला. आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात; बाकीच्या बाबींत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलाच्या आहारावर २,४०० रुपये होतात. वीस मुलांच्या अंगणवाडीत दिवसाला १६० रुपये येतात; त्यात नाश्ता आणि गरम जेवण बसवायचे. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेच्या मानधनातला आधार ४,५०० आणि मदतनिसाचा २,२५० रुपये ठरवला. वर राज्य आपली भर घालते. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सेविकेचे एकूण मानधन १३,००० रुपये झाले. तरीही तो पगार नाही, मानधनच आहे. वजने, लसीकरणाच्या नोंदी, सर्वेक्षण आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरवरची माहिती ही सगळी कामे त्याच एका बाईकडे असतात.

या रचनेत सर्वांत मोठी फट तीन वर्षांखालील मुलाची आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत येऊन बसते, गाणी म्हणते, जेवते. त्याहून लहान मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो. पाकीट आई घेऊन जाते, पण मूल ठेवून घेणारे कोणी तिथे नसते. सहा महिने ते तीन वर्षे याच वयात मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे लागते आणि याच वयात कुपोषण मूळ धरते. भरवणारा मोठा माणूस घरात नसेल तर पाकीट घरी पोहोचूनही आहार मुलाच्या पोटात जात नाही. पाकिटाचा खर्च सरकार करते. भरवणाऱ्या हाताचा खर्च कोणाच्याच नावावर नाही. खकनार भागातल्या कुपोषणाचा विचार या फटीकडे दुर्लक्ष करून होऊ शकत नाही.

ही फट भरण्यासाठी वेगळी योजना होती. काम करणाऱ्या आणि आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांना अनुदान देण्याची योजना १९७५ मध्ये सुरू झाली. २००६ मध्ये ती राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना. सहा महिने ते सहा वर्षे वयाची २५ मुले, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास, असा तिचा नियम. पालकांची फी ऐपतीप्रमाणे ठरलेली होती : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिन्याला २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असणाऱ्याला १०० आणि त्यापुढे २०० रुपये. मघाच्या हिशेबातल्या मजूर बाईला १०० रुपये लागले असते तरी तिच्या कमाईतले शंभरातले दोनच रुपये गेले असते. पालकांच्या बाजूने पाहिले तर ही फी खरोखर परवडणारी होती.

योजना फीमुळे अडली नाही, अनुदानामुळे अडली. २०१७ च्या बदलात केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवरून ६० वर आला, राज्यावर ३० आणि चालवणाऱ्या संस्थेवर १० टक्के आले. पाळणाघर सांभाळणाऱ्या सेविकेला महिन्याला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन होते. केंद्राचा हात आखडला, नवा वाटा सगळीकडे वेळेवर उभा राहिला नाही, आणि छोट्या संस्थांना भाडे-मानधन भागवणे जमेना. देशात २३ हजारांहून अधिक असलेली पाळणाघरे २०२० पर्यंत साधारण साडेसहा हजारांवर आली. पालकांना परवडणारी सेवा चालवणाऱ्याला परवडली नाही, तर ती बंद पडते आणि मग पालकांसाठी तिची फी किती होती याला काही अर्थ उरत नाही, हा या घटनेचा धडा आहे.

१ एप्रिल २०२२ पासून मिशन शक्तीखाली ही योजना पालना या नावाने नव्याने मांडली गेली. चालू असलेल्या अंगणवाड्यांनाच पाळणाघर जोडायचे आणि अशी १७,००० अंगणवाडी-पाळणाघरे उभारायची, हे तिचे उद्दिष्ट. संस्थेचा वाटा काढून खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात ६०-४० वाटलेला. आई नोकरी करते की नाही, याची अट घातलेली नाही, ही यातली मोलाची सुधारणा. शेतमजूर, घरी कांड्या भरणारी, केळीच्या बागेत निंदणीला जाणारी, सगळ्याजणी तिच्यात बसतात. इमारत, सेविका आणि आहार आधीच असलेल्या ठिकाणी वेगळी पाळणा-सेविका आणि वाढीव तास द्यायचे, ही कल्पना खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. पण चौदा लाख अंगणवाड्यांच्या देशात १७,००० हा आकडा शंभरात एकाच्या थोडा वर जातो. एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले किती येणार, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

गेल्या काही वर्षांत सरकारी पैशाचा ओघ सेवेपेक्षा रोख रकमेकडे अधिक वळला आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. पाच हजारांची रक्कम २४३ रुपयांच्या रोजाने वीस-एकवीस दिवसांची मजुरी होते, तर संघटित क्षेत्रातल्या बाईला २६ आठवडे भरपगारी रजा आहे. मध्य प्रदेशात जून २०२३ पासून लाडली बहना योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळू लागले आणि त्याच वर्षी ते १,२५० झाले. ही रक्कम घराला मोठा आधार देते आणि बाईच्या हातात येते, याचे मोल कमी नाही. पण ज्या गावात पाळणाघरच नाही तिथे हातातल्या पैशाने ते विकत घेता येत नाही. रोख रक्कम आणि सेवा ही एकमेकांची जागा घेत नाहीत. रस्ता नसलेल्या गावात बसभाडे वाटल्यासारखे ते होते.

जिल्ह्याच्या कडेच्या वस्त्यांत आणखी एक अडचण आहे, ती हंगामी स्थलांतराची. ऊसतोडीला आणि इतर हंगामी कामाला कुटुंबे निघतात तेव्हा मूलही पालावर राहायला जाते. मूळ गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव असते, पण ते तिथे नसते. कामाच्या गावी ते असते, पण पटावर नसते. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून दुसऱ्या ठिकाणी आहार देण्याची सोय आहे. तिचा उपयोग दोन्हीकडच्या सेविकांनी लक्ष घातले तरच होतो. बांधकामावरच्या मुलांसाठी दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी फिरती पाळणाघरे सुरू केली, ती याच अनुभवातून : काम जिथे जाईल तिथे पाळणा गेला पाहिजे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला पूर्ण रोज द्यावा, अशी तरतूद होती. मूल सांभाळणे हे रोज देण्यासारखे काम आहे, हे या तरतुदीने साध्या शब्दांत मान्य केले.

असे मान्य करण्याची गरज का पडावी, हे २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातून कळते. त्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यावर घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. माणसे सांभाळण्याच्या कामात स्त्रिया १३४ आणि पुरुष ७६ मिनिटे. या मिनिटांना मोबदला नाही म्हणून ती खर्चाच्या रकान्यात येत नाहीत. सधन घराला सांभाळणारे हात नेहमीच विकत मिळाले आहेत. बऱ्हाणपुरातच १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात गेली, तेव्हा जन्मलेली गौहर-आरा राजपरिवारात वाढली आणि पंचाहत्तर वर्षे जगली. आई नसलेल्या किंवा आई कामावर गेलेल्या मुलाला तसे हात मिळावेत, हे गरीब घरात समाजाने मिळून खर्च केल्याशिवाय होत नाही.

संविधान या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबले आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण कलम २१-अ खाली मूलभूत हक्क झाले. सहा वर्षांखालच्या मुलाचे संगोपन आणि शिक्षण मात्र कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याने प्रयत्न करावा असे ठेवले गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल, असेच म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि अंगणवाडीला शिक्षणाच्या नकाशावर आणले. तीन वर्षांखालचे मूल त्या नकाशाच्याही बाहेर आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळेत बोलावलेली आठ वर्षांची मुलगी त्याच मुलामुळे घरी थांबते.

याहून वेगळे करता येते, याचे दाखले जवळच आहेत. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या फुलवाऱ्यांत तीन वर्षांखालची मुले गावातल्याच बाईकडे दिवसभर राहतात, खातात, झोपतात. पुढे तिथल्या सरकारने सरगुजा भागापासून अशी केंद्रे उघडली आणि मातांनी पाळीपाळीने ती चालवली. कर्नाटकने २०२३ मध्ये कूसिना मने या नावाने ४,००० ग्रामपंचायतींत पाळणाघरे जाहीर केली, तीही मुख्यतः रोजगार हमीवरच्या मातांसाठी. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९९७ मध्ये पालकांची फी दिवसाला ५ डॉलरवर आणली, उरलेला खर्च प्रांताने उचलला आणि कामावर जाणाऱ्या मातांचे प्रमाण वाढले. २०२१ मध्ये कॅनडाने दिवसाला १० डॉलरची मर्यादा देशभर नेण्याचे ठरवले. स्वीडनने २००२ पासून पालकांच्या फीवर उत्पन्नाच्या प्रमाणात कमाल मर्यादा घातली. गनियारीची फुलवारी आणि क्विबेकचे पाळणाघर यांच्या खर्चाची तुलना होऊ शकत नाही, पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे : आधी आईच्या कामाचे तास पाहिले गेले आणि मग केंद्राची वेळ ठरली.

पैसा आला की तो कशावर खर्च व्हावा, हाही या विषयाचाच भाग. लहान मुलांच्या सेवेत इमारत आणि खेळण्यांपेक्षा माणूस महत्त्वाचा असतो. दोन वर्षांच्या मुलाला भरवायला, पुसायला, त्याच्याशी बोलायला, ते पडले तर उचलायला एक मोठे माणूस लागते आणि ते माणूस एका वेळी फार मुले सांभाळू शकत नाही. म्हणून पाळणाघराच्या खर्चाचा मोठा भाग मानधन असणार. तिथे काटकसर केली की सेवा गोदामासारखी होते. बोलणे, खेळणे आणि वेळच्या वेळी खाणे यांवर मुलाची वाढ पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक अवलंबून असते. आईच्या मजुरीसाठी उघडलेले केंद्र मुलाच्या वाढीसाठीही उपयोगी पडते, ते तिथे पुरेशी आणि शिकलेली माणसे असली तरच.

या विषयात खोलवर जाणाऱ्या वाचकाने कोणतीही योजना चार मापांनी मोजावी. तीन वर्षांखालचे मूल ती ठेवून घेते का? तिची वेळ त्या गावच्या मजुरीच्या वेळेशी जुळते का? सांभाळणाऱ्या बाईला जगण्यापुरता पैसा दर महिन्याला मिळतो का? आणि गाव सोडून कामाला गेलेल्या कुटुंबामागे ती जाते का? फी किती, हा प्रश्न या चारांनंतर येतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यात अंगणवाडी बहुतेक वस्त्यांत पोहोचली आहे. तिच्या भिंती, तिची सेविका आणि तिची चूल ही पन्नास वर्षांची सार्वजनिक कमाई आहे. त्या कमाईवर दुपारनंतरचे काही तास आणि धाकट्यांसाठी आणखी एक बाई, एवढी भर घालायची आहे. सरकारने मुलाच्या ताटाची जबाबदारी घेतली आहे. आईच्या कामाच्या तासांची घ्यायची बाकी आहे. ती घेतली जाईपर्यंत तो खर्च बांधावरच्या झोळीशेजारी बसलेली मुलगी आपल्या शाळेच्या दिवसांनी भरत राहील.